एस्पेरांतो शिकून मिळणार काय?

प्रश्न: एस्पेरांतो म्हणे कुठल्याच देशाची भाषा नाही, मग ती शिकायची कशाला? सोपी असते हे खरंय का?

उत्तर: देशाची नाही म्हणूनच तर ती बनवली ना! झामेनहोफ नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरनं 1887 मध्ये वॉर्सात ती छापली, तेही 'डॉक्टर एस्पेरांतो' म्हणजे 'आशा धरणारा डॉक्टर' या टोपणनावानं, आणि पुढे भाषेलाच ते नाव चिकटलं. कल्पना अशी की दोघांनीही अर्धी वाट चालायची, कुणा एकाच्या मातृभाषेत दुसऱ्यानं अडखळत बसायचं नाही.

सोपी आहे, हो. लिहिलंय तसंच वाचायचं, नामाच्या शेवटी 'ओ', विशेषणाच्या शेवटी 'आ', क्रियापदांना अपवाद नाहीत. खरी गंमत शब्द जोडण्यात आहे. 'साना' म्हणजे निरोगी, पुढे 'माल' लावलं की उलट, 'मालसाना' म्हणजे आजारी, त्याला माणसाचा 'उल' जोडा, जागेचा 'एय' जोडा, शेवटी 'ओ', झालं 'मालसानुलेयो', म्हणजे दवाखाना! एकदा हे जमलं की कोशाशिवाय शब्द पाडता येतात. कर्माला लागणारा 'न' इंग्रजीवाल्यांना छळतो, आपल्याला 'ला'ची सवय असल्यानं फारसा नाही.

नोकरीसाठी शिकत असाल तर सोडा, उगाच आशा लावत नाही. पण प्रवासाची हौस असेल तर 'पास्पोर्ता सेर्वो' बघाच, त्यात जगभरचे एस्पेरांतोवाले एकमेकांना घरी फुकट उतरवून घेतात, अट एकच, बोलायचं एस्पेरांतोत.