गोल्फच्या सहलीसाठी मोडायची पॉलिसी

जालन्याच्या एका बियाणे व्यापाऱ्यांचं पत्र आहे. वय 47. अडीच वर्षांनी, सप्टेंबरात, मित्रासोबत स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्स या मैदानावर गोल्फ खेळायचंय. खर्च सात लाख. विचारतात, "15 टक्के देणारा फंड कोणता? कमी पडलं तर पाचव्या हप्त्यानंतर पॉलिसी मोडेन."

सहलीचं आधी उरकतो. अडीच वर्षांच्या पैशाला 15 टक्क्यांचा फंड नसतो, एफडी असते. 2025 च्या हंगामात तिथली फी 340 पौंड होती, म्हणजे 40 हजारांच्या आसपास. बाकी खर्च विमान, व्हिसा, मुक्काम आणि कॅडीचा, म्हणजे बॅग उचलणाऱ्या मदतनिसाचा. वैद्यकीय कारण नसेल तर मैदानात फिरायला गाडी मिळत नाही, 18 होल पायीच, तेव्हा गुडघ्यांची तयारी आतापासून करा. हँडिकॅपचं, म्हणजे खेळाडूचा दर्जा सांगणाऱ्या आकड्याचं, अधिकृत कार्ड लागतं. खेळायची वेळ दोन दिवस आधीच्या सोडतीत मिळते, रविवारी कोर्स बंद असतो. म्हणून चार-पाच दिवस हाताशी ठेवा. सोडतीत नाव निघेलच, असं सांगणाऱ्या एजंटाला दारात उभं करू नका.

आता पॉलिसी. सीसीची, म्हणजे धंद्यासाठीच्या कॅश क्रेडिट कर्जाची, लिमिट वाढवायला गेलात तेव्हा बँकेतल्या साहेबांनी ती गळ्यात मारली. कर्जासाठी विम्याची अशी सक्ती नियमात बसत नाही. वर्षाला तीन लाख, 12 वर्षं. तीन हप्ते भरून झालेत. ऑक्टोबर 2024 च्या आधीच्या अशा बचतीच्या विमा पॉलिसीत तिसऱ्या वर्षी मोडल्यास हमी असते भरलेल्या रकमेच्या 35 टक्क्यांची: नऊ लाखांचे तीन लाख 15 हजार. पाच हप्त्यांनंतर 50 टक्के, म्हणजे 15 लाखांचे साडेसात. म्हणजे आणखी सहा लाख घालून तुम्ही चार लाख 35 हजार वाढवणार! याला गुंतवणूक कोण म्हणेल?

पण मला झोप येऊ देत नाही ती पत्रातली शेवटची ओळ: सीसी 80 लाखांची, राहतं घर तारण, जामीनदार पत्नी. आणि विमा? याच पॉलिसीचा, 30 लाख. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर बँक ताईंच्या दारात येईल. व्यापाऱ्यांकडची उधारी वसूल करायला त्या गावोगाव फिरणार आहेत का? मुलगी बारावीत आहे. तुम्ही हे विचारलंच नाही, याचंच मला वाईट वाटतं.

म्हणून आधी दीड कोटीचा टर्म विमा, म्हणजे बचत नसलेला निव्वळ जीवनविमा, काढा. तब्येतीची माहिती खरी द्या, बीपीची गोळीही लपवू नका. सप्टेंबर 2025 पासून त्यावर जीएसटीही नाही. तो हातात पडेपर्यंत जुनी पॉलिसी चालू ठेवा. मग कंपनीकडून दोन आकडे लेखी मागा: आज मोडली तर किती, आणि हप्ते थांबवून पेड-अप केली तर मुदतीअखेर किती. जुन्या पॉलिसीतही हमीपेक्षा जास्त रक्कम मिळू शकते, म्हणून आकडा हाती आल्याशिवाय सही नको.

हप्त्याचे वाचलेले तीन-तीन लाख सहलीआधीच्या दोन्ही खरिपांनंतर एफडीत टाका. मोडून आलेल्यातले थोडे जोडले की सहल निघते, टर्मचा हप्ताही निघतो.

सक्तीची तक्रार आधी विमा कंपनीकडे लेखी करा. दाद लागली नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जा. तिथे फी नाही, वकील लागत नाही. लिमिटच्या अर्जाची आणि पॉलिसीच्या प्रस्तावाची तारीख एकच असेल तर दोन्ही कागद जोडा. चौथा हप्ता मार्चमध्ये आहे, टर्मचा अर्ज याच आठवड्यात भरा.