"संशोधन सांगतं" म्हटलं की आधी काय विचारायचं? द्विशिक्षकी शाळेतल्या सरांसाठी

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. शिरपूर तालुक्यात पहिली ते चौथीची द्विशिक्षकी शाळा, दर महिन्याच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांच्या बैठकीत, कोणीतरी "संशोधन सांगतं" म्हणून नवीन उपक्रम देतं, त्यात आता एक कंपनी मुलांची 'शिकण्याची शैली' ओळखायची चाचणी घेऊन आलीय आणि तुम्ही विचारताय की यातलं भरवशाचं कोणतं हे साध्या शिक्षकाने ओळखायचं कसं, आणि ओळखलं तरी शाळेत वापरायचं कसं. मी धुळे-नंदुरबार पट्ट्यात आधी वर्गावर आणि मग केंद्रप्रमुख (शेजारशेजारच्या शाळांच्या गटाची, म्हणजे केंद्राची, पर्यवेक्षक) म्हणून काम केलंय, म्हणून जरा लांबच लिहितेय.

शैलीवाल्यांचं आधी उरकते, कारण तिथे तुमचे पैसे अडकायचेत. अमुक मूल बघून शिकतं, तमुक ऐकून शिकतं, म्हणून प्रत्येकाला त्याच्या शैलीने शिकवा, असा त्यांचा दावा. हा दावा खरा आहे का हे तपासायचा सरळ मार्ग आहे. मुलांचे शैलीप्रमाणे गट करायचे, प्रत्येक गटातली निम्मी मुलं चित्रातून शिकवायची, निम्मी ऐकवून, आणि शेवटी सगळ्यांना एकच परीक्षा. 'बघणारे' चित्राने पुढे गेले आणि 'ऐकणारे' ऐकून पुढे गेले तरच दावा टिकला. 2008 साली हॅरोल्ड पॅशलर आणि तीन मानसशास्त्रज्ञांनी तोवरचा सगळा अभ्यास चाळला, तर अशा रीतीने तपासलेलं फारच थोडं सापडलं आणि त्यातल्या चांगल्या अभ्यासांतूनही दाव्याला आधार मिळाला नाही. मुलांना आवडीनिवडी असतात हे खरंच आहे, पण आवडीप्रमाणे शिकवलं की जास्त शिकतात हे सिद्ध झालेलं नाही. नकाशा शिकवायचा तर सगळ्यांनाच दाखवावा लागतो आणि कविता सगळ्यांनाच ऐकवावी लागते. त्या चाचणीवर शाळेचा एक रुपया घालू नका, लोकवर्गणीचा तर नकोच नको.

आता मुख्य मुद्दा. कोणी निकाल दाखवला की आपण लगेच विचारतो "किती फरक पडला?" मी सांगेन, त्याच्या आधी दोन गोष्टी विचारा: कशाशी तुलना केली, आणि ते चालायला तिथे काय काय होतं. पहिल्या प्रश्नाने अर्धा माल गळून पडतो, कारण बहुतेक वेळा तुलनाच नसते, जूनमध्ये इतके वाचत होते आणि मार्चमध्ये इतके वाचायला लागले एवढंच असतं, आणि अहो जून ते मार्च मूल वाढतंच ना, काही न करता सुद्धा थोडं पुढे जातंच. शिवाय वर्षाच्या सुरुवातीच्या पायाभूत चाचणीत सगळ्यात खाली आलेली दहा मुलं निवडली तर पुढच्या चाचणीत ती थोडी वर येणारच, कारण त्यातल्या काहींचा तो दिवसच वाईट होता, ताप होता, घरून उपाशी आलं होतं. ती वाढ उपक्रमाच्या नावावर मांडली जाते.

आणि आपल्या भागात याहून मोठी गडबड गैरहजेरीची आहे, ही बाहेरच्या तज्ज्ञांच्या लक्षात येत नाही. दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातकडे निघतात, पोरंही सोबत जातात. ऑगस्टच्या चाचणीत ती मुलं आहेत, फेब्रुवारीच्या चाचणीत नाहीत, आणि बहुतेक करून मागे पडलेली मुलंच गेलेली असतात. सरासरी आपोआप वर जाते आणि आपल्याला वाटतं उपक्रम जमला. म्हणून जी मुलं दोन्ही वेळा हजर होती फक्त त्यांचीच तुलना करा, आणि गेलेल्यांची नावं खाली वेगळी लिहा, किती गेली आणि कुठल्या स्तरावरची होती ते. शेवटची चाचणी होळीच्या आठवड्यात, भोंगऱ्या बाजाराच्या (होळीआधीच्या आदिवासी जत्रेच्या) दिवसांत तर ठेवूच नका.

दुसऱ्या प्रश्नाचं उदाहरण आपल्याच देशातलं आहे आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं. मुलं इयत्तेप्रमाणे न बसवता त्यांना येतं त्या स्तराप्रमाणे बसवून शिकवायचं, हे तुम्हाला 'प्रथम' या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेमुळे माहीत असेल. त्याची सुरुवातीची मोठी तपासणी 2001 ते 2004 मध्ये मुंबई आणि वडोदऱ्याच्या शाळांत झाली, वस्तीतल्याच मुली 'बालसखी' म्हणून मागे पडलेल्या तिसरी-चौथीच्या मुलांना शाळेच्या वेळातच दोनेक तास वेगळं घेऊन बसायच्या, आणि फरक दिसला. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो यांचं हे काम, पुढे 2019 ला मायकेल क्रेमर यांच्याबरोबर नोबेल मिळालं ते हेच लोक. मग तीच पद्धत सरकारी शाळांत न्यायची ठरली, तेव्हाची गोष्ट नीट बघा. बिहारमध्ये काही शाळांना नुसतं साहित्य दिलं, काही हलली नाही गोष्ट. साहित्य आणि शिक्षकांना प्रशिक्षण दोन्ही दिलं तरी शाळेच्या रोजच्या तासांत फार फरक नाही. पण बिहारच्याच सरकारी शिक्षकांनी उन्हाळी शिबिरात हीच पद्धत वापरली तेव्हा मुलं पुढे गेली! म्हणजे शिक्षकांना येत नव्हतं असं नाही, वर्ष सुरू झालं की पुस्तक पूर्ण करायच्या धबडग्यात ते मागे पडायचं. मग हरियाणात 2012-13 ला रोजचा एक तास यासाठीच राखून ठेवला, त्या तासाला इयत्ता मोडून सगळ्या मुलांचे स्तराप्रमाणे गट केले आणि देखरेख करणारे लोक शाळेत येऊन बघून जायचे, तेव्हा कुठे हिंदीच्या वाचनात सुधारणा दिसली.

रावेरला ठिबकवर टिश्यू कल्चरची जी केळी येते ती शिंदखेड्याच्या कोरडवाहूत नुसती रोपं नेऊन येत नाही, तसंच आहे हे. रोप म्हणजे पद्धत, आणि ठिबक म्हणजे राखलेला तास, मोडलेले वर्ग आणि विचारपूस करणारा माणूस. आपल्याकडे भाषा पेटी, गणित पेटी शाळेत येते, प्रशिक्षण होतं, फोटो जातो, पण वेळापत्रकात तास कोणी काढत नाही, याचं मला मनापासून दुःख आहे, कारण पैसा आणि माणसांची मेहनत दोन्ही गेलेलं असतं.

सरासरीच्या आत कोण आहे तेही बघत जा. केनियाच्या खेड्यांत शाळांना मोफत पाठ्यपुस्तकं दिली होती, क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासलं तर सरासरी गुण वाढलेच नाहीत, फायदा फक्त आधीच हुशार असलेल्या मुलांना झाला. पुस्तकं इंग्रजीत होती आणि बऱ्याच मुलांची ती तिसरी भाषा होती. हे वाचल्यावर मला आपली घरात पावरी नाहीतर भिलोरी बोलणारी पोरं आठवतात, "माले येस" म्हणणारी अहिराणी पोरं आठवतात, जी पहिलीला थेट छापील मराठीसमोर बसतात. त्यामुळे पुण्यात किंवा इंग्लंडात चाललेली गोष्ट बघताना तिथल्या मुलांची घरची भाषा काय होती हे विचाराच. मराठी वाचनावर आपल्याच राज्यात पालघरच्या वाडा तालुक्यात त्याच मुलांचा काही वर्षं मागोवा घेत केलेला एक अभ्यास आहे, 2017 ला अहवाल आला, कर्नाटकातल्या यादगीरची मुलंही त्यात होती. तिसरीपर्यंत येऊनही कितीतरी मुलं अक्षरं आणि जोडाक्षरांतच अडकलेली त्यांना दिसली. आपल्या मुलांच्या सगळ्यात जवळचं संशोधन मला तेच वाटतं, डाएटमध्ये (जिल्ह्याच्या शिक्षक प्रशिक्षण संस्थेत) मागून बघा.

'असर' या मुलांच्या वाचन-गणिताच्या सर्वेक्षणाचा आकडा दाखवून तुमच्या शाळेला कोणी बोललं तर मात्र नम्रपणे सांगा की असर जिल्ह्यातल्या 30 गावांत, गावागणिक 20 घरांत जाऊन केला जातो, मुलाची चाचणी घरी होते. जिल्ह्याचं चित्र त्यातून चांगलं दिसतं, पण त्यावरून तुमच्या गावाची शाळा कशी आहे हे सांगता येत नाही.

आता तुम्ही काय करायचं. आधी शाळेची अडचण एका वाक्यात लिहा, "तिसरी-चौथीतली मुलं सोपा परिच्छेद वाचू शकत नाहीत" इतकी नेमकी, आणि मगच त्यावर कोणाला काय सापडलंय ते शोधा, उलटं नको. उपक्रम सुरू व्हायच्या आधीच लिहून ठेवा की किती मुलं कुठे गेली तर जमलं म्हणायचं, कारण नंतर लिहिलं की आपलं मन आकडा सोयीचा करून घेतं. चाचणी स्वतः घेऊ नका, शेजारच्या शाळेच्या मॅडमना बोलवा आणि त्यांची तुम्ही घ्या, परिच्छेद दर वेळी वेगळा पण त्याच काठिण्याचा, नाहीतर पोरं पाठ करून टाकतात. आणि जमलं तर केंद्रातल्या एका सारख्याच शाळेला सांगा की तुम्ही हे दोन महिने उशिरा सुरू करा, मग या दोन महिन्यांत तुमच्याकडे काय झालं आणि त्यांच्याकडे काय झालं हे शेजारी ठेवून बघता येतं, त्यांचंही नुकसान नाही. डी.एड.ला केलेलं कृतिसंशोधन म्हणजे खरं तर हेच होतं, आपण त्याची फाईल करून कपाटात ठेवली.

फुकटातलं आणि लगेच करण्यासारखं एक सांगते. 2006 चा रोडिगर आणि कार्पिक यांचा प्रयोग आहे, एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, आठवड्याने आठवणारे. ती कॉलेजची मुलं होती हे ध्यानात ठेवा, वाचता न येणाऱ्या मुलाला याचा उपयोग नाही, पण चौथीतल्या वाचणाऱ्या मुलांना परिसर अभ्यासाच्या तासाला आधी पाटीवर मागच्या आठवड्यातलं आठवून लिहायला लावा, गुण देऊ नका, भीती घालू नका.

आणि एखादी गोष्ट नाही चालली तर शिक्षण परिषदेत उभं राहून तेही सांगा, आकड्यांसकट. बाकीच्या शाळांचं एक सत्र वाचतं त्याने.

तुमच्या शाळेचा पट, कुठल्या स्तरावर किती मुलं आणि दिवाळीनंतर साधारण किती जातात एवढं कळवा, दोन शिक्षकांत एका तासाचे गट कसे बसवायचे ते सांगते. दोघांत तीन गट करावे लागतील असं दिसतंय, तिसऱ्या गटाला काय काम द्यायचं हा खरा पेच आहे.