ऑर्डर भरपूर, पण हातात काहीच उरत नाही

प्रश्न : ताई, घरून खाद्यपदार्थ विकते, लोक नावाजतात, पण महिनाअखेरीस गल्ला रिकामाच. सगळ्याचे रेट वाढवू का?

उत्तर : थांबा, आधी वजनकाटा काढा. आपण अंदाजाने बनवतो, अंदाजानेच रेट लावतो आणि तिथेच सगळं गळतं. एका प्लेटला कच्चा माल किती ग्रॅम लागतो ते लिहा, निवडून-सोलून फेकलेलं पण धरा, कारण 1 किलो आणलेलं 1 किलो शिजत नाही ना. हा कच्च्या मालाचा खर्च विक्रीच्या साधारण 30 ते 35 टक्क्यांत बसवा, उरलेल्यात गॅस, पॅकिंग, डिलिव्हरी अ‍ॅपचं कमिशन आणि तुमचा स्वतःचा पगार (तो कोणीच धरत नाही!). मग जो पदार्थ खपतो पण देत काहीच नाही, फक्त त्याचाच रेट वाढवा.