वाचकांचे प्रश्न : पाऊस पडला होता, मग धान्य गेलं कुठं?

मागच्या अंकात रशियन क्रांतीबद्दलच्या एका प्रश्नाला उत्तर देताना मी जाता जाता तेव्हा सोव्हिएत संघात असलेल्या युक्रेनच्या 1932-33 च्या दुष्काळाचा उल्लेख केला होता, एकच वाक्य होतं खरं तर, पण त्यावर एवढी पत्रं आली की या वेळी सगळी जागा त्यालाच देतेय. पत्रं कापून छोटी केलीत, त्याबद्दल रागावू नका.

प्रश्न : ताई, मी सोलापूर जिल्ह्यात एका सीबीएसई शाळेत नववीला इतिहास शिकवतो. आमच्या पुस्तकात लिहिलंय की 1930 ते 1933 मध्ये पिकं खराब झाली आणि दुष्काळात चाळीस लाखांवर लोक मेले. आमच्याकडची पोरं दुष्काळ बघत मोठी झालेली, एकीने लगेच विचारलं, सर तिथे चार वर्षं पाऊसच पडला नाही का? मला उत्तर देता आलं नाही.

त्या मुलीला माझ्याकडून एक पेन द्या. बरोब्बर जागेवर बोट ठेवलंय तिने.

1930 चं पीक चांगलं आलं होतं. गोची तिथूनच सुरू झाली, कारण सरकारने त्या चांगल्या वर्षावर पुढचे कोटे, म्हणजे गावांनी सरकारला सक्तीने घालायचं धान्य, बेतलं. तुमच्या गावातल्या म्हाताऱ्यांना लेव्हीची ज्वारी आठवत असेल, कोटा म्हणजे तसंच काहीतरी, फक्त घालणाऱ्याच्या पोटाला काय उरतं याचा हिशेब त्यात नव्हता. त्याच काळात जमिनी सामुदायिक शेतीत जबरदस्तीने घेतल्या जात होत्या, बरी शेती करणाऱ्यांना 'कुलाक' म्हणून घरदार काढून घेऊन हद्दपार केलं जात होतं, लोकांनी बैल-घोडे सरकारला देण्यापेक्षा कापून खाल्ले, मग नांगर ओढायला जनावर नाही आणि जाणता शेतकरी नाही. 1932 ला पीक कमी आलं ते असं. हवामानाचाही वाटा होता, तो नाकारायचं कारण नाही. पण कमी पीक आणि लाखो मरण यांच्यामध्ये जे काही आहे ना, तेच शिकवायचं असतं आणि पुस्तकातल्या त्या एका वाक्यात नेमकं तेच गायब आहे.

त्या मधल्या जागेत काय आहे, तर कागद आहेत. 7 ऑगस्ट 1932 चा कायदा, सामुदायिक मालमत्तेची चोरी केली तर गोळी नाहीतर दहा वर्षं तुरुंग. लोक त्याला 'पाच कणसांचा कायदा' म्हणायचे, कारण कापणी झालेल्या रानात सरवा वेचणारी बाई-पोरंसुद्धा त्यात चोर ठरली. तुमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या आज्या सरवा वेचायला गेल्या असतील, त्यांना हा शब्द सांगा, पुढचं वेगळं समजावायला लागणार नाही. मग 18 नोव्हेंबरचा हुकूम : ज्यांनी कोटा भरला नाही त्यांच्याकडून दंड म्हणून मांस आणि बटाटे उचलायचे, म्हणजे धान्य नाही दिलं म्हणून उरलेलं खाणंही न्यायचं, आणि गावाचं नाव काळ्या यादीत. नाव लागलं की गावातल्या दुकानातला माल परत, मीठ-काडेपेटीपासून सगळं बंद. लपवलेलं धान्य शोधणाऱ्या सरकारी टोळ्या लोखंडी सळ्या घेऊन घरोघर फिरायच्या, जमीन, चूल, छपराचा पेंढा, सगळं टोचून बघायच्या. 27 डिसेंबरला देशांतर्गत पासपोर्ट (तो नसेल तर शहरात राहता यायचं नाही) आले, जे खेड्यातल्या शेतकऱ्यांना मिळालेच नाहीत. आणि 22 जानेवारी 1933 ला स्टालिन आणि त्याचा पंतप्रधान मोलोतोव्ह यांच्या सहीचा आदेश, की युक्रेन आणि कुबानच्या (रशियातला शेजारचा भाग) शेतकऱ्यांना बाहेर पडू द्यायचं नाही, रेल्वेची तिकिटं द्यायची नाहीत. दीड-दोन महिन्यांत दोन लाखांवर लोक वाटेत पकडले गेले, त्यातल्या बहुतेकांना परत गावी धाडलं. कशाला, तर मरायला.

आणि या काळात धान्य परदेशी विकलं जातच होतं, सगळ्या सोव्हिएत संघातून 1932 आणि 1933 दोन्ही साली, दर वर्षी सतरा लाख टनांच्या आसपास.

मी शिकवत असते तर (निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी हात शिवशिवतात) एवढ्या चार तारखा चार चिठ्ठ्यांवर लिहून, क्रम बिघडवून मुलांच्या हातात दिल्या असत्या आणि विचारलं असतं, यातला कुठला कागद फाडला असता तर लोक वाचले असते? अख्खा तास भांडतील. फक्त एक करू नका, कोणी टोळीवाला कोणी शेतकरी असं नाटक वर्गात नको, आणि 'आज सगळे डबा न खाता बसू' असला प्रयोग तर अजिबात नको. तुमच्या वर्गात एखादं पोर खरोखर उपाशी आलेलं असतं.

आकड्याबद्दल : युक्रेनपुरता आज लोकसंख्या अभ्यासणाऱ्यांचा जो हिशेब बहुतेक ठिकाणी धरतात तो सुमारे 39 लाख जास्तीच्या, म्हणजे एरवी झाले असते त्याहून वरच्या, मृत्यूंचा आहे. जून 1933 मध्ये तर दिवसाला 28 हजारांच्या आसपास. पुस्तकातला चाळीस लाखांवरचा आकडा अख्ख्या सोव्हिएत संघाचा म्हणून बघितला तर कमी पडतो, कारण कझाकस्तानातच पंधरा लाखांच्या आसपास माणसं गेली, कझाक लोकांपैकी एक तृतीयांशाहून जास्त. हेही मुलांना सांगा, ते तर कुणीच सांगत नाही.

प्रश्न : आम्ही कॅनडात एडमंटनला राहतो. मुलगी सहावीत आहे. नोव्हेंबरमध्ये शाळेत होलोदोमोरबद्दल, म्हणजे याच दुष्काळाबद्दल, काहीतरी सांगितलं आणि ती घरी येऊन मला म्हणाली, आई, त्यांनी मुद्दाम लोकांना उपाशी ठेवलं? रात्री जेवली नाही. एवढ्या लहान मुलांना हे सांगावं का? आणि मी काय बोलू?

सांगावं, असं माझं मत. पण किती आणि कसं याला महत्त्व आहे. प्रेतांचे ढीग, माणसांनी काय काय खाल्लं, हे अकरा वर्षांच्या मुलीला नको. तिला जो प्रश्न पडलाय त्याचं उत्तर मात्र खरं द्या, "हो, पिकवणाऱ्यांकडून धान्य काढून घेतलं आणि त्यांना दुसरीकडे जाऊ दिलं नाही." यापुढे ती जेवढं विचारेल तेवढंच. आणि जेवणावरून रागवू नका, दोन दिवस वरणभात कमी खाईल, काही होत नाही.

तुमच्या गावात तर एक सोय आहे. एडमंटनच्या सिटी हॉलपाशी या दुष्काळाचं स्मारक आहे, तुटलेल्या कड्यासारखं, 1983 साली उभारलेलं. तारीख बघा, तेव्हा सोव्हिएत संघ जिवंत होता आणि असा दुष्काळ झालाच नाही असं अधिकृतपणे म्हणत होता. तिकडे स्थायिक झालेल्या युक्रेनियन लोकांनी ते परक्या देशात उभं केलं. मुलीला घेऊन जा एकदा. भीतीच्या गोष्टीला एक जागा मिळाली की मुलं शांत होतात, असा माझा तीस वर्षांचा अनुभव.

आणि हो, होलोदोमोर आणि होलोकॉस्ट हे दोन शब्द मुलं हमखास गोंधळतात. नातं काही नाही, नुसता आवाज सारखा. युक्रेनियन भाषेत होलोद म्हणजे भूक आणि मोर म्हणजे घाऊक मरण.

प्रश्न : मॅडम, मी खारकीव्हला मेडिकलला होते, 2022 ला युद्ध सुरू झालं तेव्हा परत आले. तिथे ज्या आजींकडे खोली घेऊन राहायचे त्या पावाचा चुराही टाकू द्यायच्या नाहीत, टेबलावरून बोटाने टिपून खायच्या. मी एकदा शिळा पाव कचऱ्यात टाकला तर दोन दिवस बोलल्या नाहीत. तेव्हा मला वाटलं कंजूष आहेत. आता वाचल्यावर कळतंय. पण त्या कधीच काही बोलल्या का नाहीत?

तुझं पत्र मी तीनदा वाचलं.

आजी ऐंशीच्या आतल्या असतील तर त्यांनी स्वतः तो काळ पाहिलेला नसणार, त्यांच्या आईने पाहिला असणार. बोटाने चुरा टिपायची सवय आईची, आणि बोलायचं नाही ही सवयसुद्धा तिचीच. कारण हा विषय घरात काढणंच धोक्याचं होतं. दुष्काळ हा शब्द उच्चारला की सोव्हिएतविरोधी प्रचार. 1937 ला जनगणना झाली, माणसं अपेक्षेपेक्षा लाखोंनी कमी भरली, तर सरकारने ती जनगणनाच रद्द केली आणि ती करणाऱ्या अधिकाऱ्यांना पकडलं, काहींना गोळ्या घातल्या. मोजणाऱ्याची ही गत, तर भोगणारा कशाला बोलेल. मोकळेपणाने बोलणं सुरू झालं ते 1980 च्या दशकाच्या अगदी शेवटी, म्हणजे पन्नासहून जास्त वर्षांनी.

तू जिथे राहिलीस ते खारकीव्ह तेव्हा सोव्हिएत युक्रेनची राजधानी होतं, 1934 पर्यंत. खेड्यातली माणसं भाकरीच्या आशेने तिथे चालत यायची आणि फुटपाथवर पडायची. तिथे नोकरीला असलेल्या अलेक्झांडर वीनरबर्गर नावाच्या ऑस्ट्रियन इंजिनिअरने लपूनछपून फोटो काढले, ते त्याने देशाबाहेर पोचवले. लोक त्या फोटोंत आडव्या पडलेल्या माणसाच्या बाजूने चालत जाताना दिसतात, थांबतसुद्धा नाहीत. तुझ्या रोजच्या रस्त्यांपैकी एखादा असेलही.

आणखी एक. शहरांत तोर्ग्सिन नावाची सरकारी दुकानं होती, तिथे सोनं-चांदी दिलं की पीठ मिळायचं. लग्नाच्या अंगठ्या, गळ्यातले क्रॉस, सगळं तिथे गेलं. आजींच्या घरात जुना दागिना बघितलास का कधी? नसेल बघितलास तर आश्चर्य नाही.

संपर्क असेल तर त्यांना आता विचार. नसतील बोलत तर नको ताणूस.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर या दुष्काळाचे म्हणून हाडांचा सापळा झालेल्या मुलांचे फोटो फिरतात. शाळेच्या प्रदर्शनात लावायचेत. खरे आहेत का?

फोटो खरे असतात, साल खोटं असतं. त्यातले बरेचसे 1921-23 च्या दुष्काळाचे आहेत, व्होल्गाच्या खोऱ्यातले आणि दक्षिण युक्रेनमधले. तेव्हा सोव्हिएत सरकारने जगाकडे मदत मागितली होती, अमेरिकेचं मदत पथक आलं होतं, फोटोग्राफर आले होते, म्हणून फोटो ढिगाने आहेत. 1932-33 ला सरकार म्हणत होतं दुष्काळ नाहीच, मग मदत कसली आणि कॅमेरे कसले. म्हणून या दुष्काळाचे खात्रीचे फोटो मोजके, वर सांगितले ते वीनरबर्गरचे धरून. प्रदर्शनात एक बोर्ड रिकामा ठेवा आणि खाली लिहा की इथे फोटो का नाहीत. चुकीचा फोटो लावलात तर उद्या कोणीतरी तेवढाच धरून म्हणेल, बघा सगळंच खोटं.

प्रश्न : तुम्हाला युक्रेनचं एवढं पडलंय, आपला 1876-77 चा आणि बंगालचा 1943 चा दुष्काळ कोण शिकवणार? तेही माणसांनीच केले ना? ब्रिटिशांना कोणी नरसंहार केला म्हणतं का?

रागाचं पत्र आहे आणि राग बराचसा रास्त आहे. 1877 ला दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा, ब्रिटिश अधिकारी रिचर्ड टेंपलने घातलेला हा दर, आणि आपल्या मुंबई इलाख्यात मजुरांनी त्यावर काम सोडलं होतं, पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारला लिहून लिहून हैराण केलं होतं. तेव्हाही धान्य बंदरातून बाहेर जात होतं. बंगालात 1942 ला जपानी येतील म्हणून होड्या काढून घेतल्या, तांदूळ हलवला, पुढच्या वर्षी माणसं मेली, तीस लाखांपर्यंतचा अंदाज आहे. हे सगळं शिकवाच, दोन्ही शेजारी ठेवून शिकवा. पण आमचा मोठा की तुमचा मोठा अशी कुस्ती लावू नका.

शेजारी ठेवलं की फरकही दिसतो. पुण्यात सभा निवेदन पाठवू शकत होती, वर्तमानपत्रं छापत होती. युक्रेनमध्ये ते शक्यच नव्हतं. गॅरेथ जोन्स नावाचा वेल्श पत्रकार मार्च 1933 मध्ये गुपचूप खेड्यांतून फिरला आणि बर्लिनला येऊन त्याने सगळं सांगितलं, तर दोनच दिवसांत न्यूयॉर्क टाइम्सच्या वॉल्टर ड्युरंटीने मॉस्कोहून छापलं की लोक भुकेले आहेत पण उपासमार नाही. ड्युरंटीला आदल्याच वर्षी पत्रकारितेचं पुलित्झर पारितोषिक मिळालेलं होतं. माध्यमांवर तास घ्यायचा असेल तर या दोन बातम्या पुरेत.

नरसंहार म्हणायचं की नाही यावर इतिहासकारांत अजून वाद आहे. एक बाजू म्हणते की हे आंधळ्या धोरणाचं आणि निर्दयपणाचं फळ, युक्रेनियन म्हणून मारायचा बेत नव्हता, आणि कझाक-रशियन शेतकरीही मेले. दुसरी बाजू स्टालिनचं ऑगस्ट 1932 चं पत्र दाखवते, ज्यात तो आपला सहकारी कागानोविच याला लिहितो की आपण युक्रेन गमावून बसू, मग त्याच हिवाळ्यात सीमा बंद होणं, युक्रेनियन भाषेच्या शाळा-संस्थांवर, लेखकांवर घाला येणं दाखवते. 'जेनोसाइड' हा शब्द ज्याने घडवला त्या राफाएल लेमकिनने 1953 मध्ये याला त्याच शब्दाने संबोधलं होतं. युक्रेनच्या संसदेने 2006 ला तसा कायदा केला, जर्मनीच्या संसदेने 2022 ला ठराव. मला स्वतःला दुसरी बाजू जास्त पटते, त्या 22 जानेवारीच्या आदेशामुळे. भुकेल्या माणसाचं तिकीट बंद करणं हे माझ्या डोक्यात कुठल्याच चुकीत बसत नाही. पण वर्गात दोन्ही बाजू मांडा, माझं मत मुलांवर लादू नका.

प्रश्न : या दुष्काळात गेलेल्यांसाठी युक्रेनमध्ये मेणबत्ती लावतात तो दिवस कुठला?

नोव्हेंबरचा चौथा शनिवार. तिथल्या वेळेने दुपारी 4 ला खिडकीत लावतात, आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे साडेसात. मेणबत्तीशेजारी बरेच जण गव्हाच्या ओंब्या ठेवतात.