नळाला येतं ते कुठलं पाणी?

प्रश्न : आमच्या सोसायटीत महापालिकेचं पाणी आहे आणि बोअरही आहे. स्वयंपाकघरातल्या नळाला नेमकं कुठलं येतं हे कसं ओळखावं? विक्रेता म्हणतो, आरओच घ्या.
– एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : आधी टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं छोटं यंत्र) मिळवा, आरओचं नंतर पाहू. महापालिकेची लाइन जिथे सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत पडते, तिथे पाणी सुरू असताना थेट एक ग्लास भरून घ्या. दुसरा ग्लास स्वयंपाकघरातल्या नळाचा. नाशिकला येणारं गंगापूर किंवा मुकणे धरणाचं पाणी मुळात सह्याद्रीवर पडलेला पाऊस, त्यामुळे त्यात क्षार कमी. बोअरचं पाणी काळ्या पाषाणाच्या भेगांतून मुरत येतं, म्हणून ते जड. दोन्ही ग्लासांत मीटर बुडवून आलेले आकडे जवळपास सारखे आले तर नळाला धरणाचंच पाणी आहे. नळाचा आकडा बराच वर गेला तर टाकीत बोअर मिसळतंय. उन्हाळ्यात आणि पाणीकपातीत हे प्रमाण बदलतं, म्हणून मे महिन्यात पुन्हा मोजा.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएसची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर २०००. आकडा ५०० च्या आत असेल तर निव्वळ टीडीएससाठी आरओ घेऊ नका. घरगुती आरओ एक लिटर पाणी देताना बहुधा दोन-तीन लिटर सांडपाण्यात सोडतो, आणि ज्या शहरात पाणीकपात होते तिथे हे आम्हाला पटत नाही. गाळणी आणि यूव्ही (अतिनील किरणांनी जंतू मारणारं यंत्र) पुरेसे आहेत. यूव्हीला मात्र पाणी नितळ लागतं. गढूळपणाच्या आडोशाला जंतू वाचतात.

टीडीएस मीटर फक्त क्षार सांगतो, जंतू नाही. त्यासाठी क्लोरीन तपासा. ओटी (ऑर्थोटोलिडिन) द्रावणाची चाचणी स्वस्त आहे : नळीतल्या पाण्यात थेंब टाकले की पिवळा रंग येतो, तो तक्त्याशी जुळवायचा. लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवं. लाइनवर रंग येतो आणि स्वयंपाकघरात येत नाही, असं झालं तर क्लोरीन तुमच्याच टाकीतल्या गाळाने आणि शेवाळाने खाल्लं. सर्वांत चांगला उपाय म्हणजे शक्य तिथे पिण्यासाठी एक नळ थेट लाइनवरून घेणं.

प्रश्न : पावसाळ्यात नळाला कधी दुधाळ, कधी तांबूस पाणी येतं. तुरटी फिरवली की झालं ना?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : काचेच्या ग्लासात भरून दोन मिनिटं बघा. पांढरेपणा तळापासून वर निवळत गेला तर ती दाबाखालची हवा आहे, काळजी नको. तळाशी मातीचा थर बसला तर तो पुराचा गाळ. फक्त सकाळच्या पहिल्या पाण्यातच तांबूसपणा असेल तर तो बहुधा जुन्या लोखंडी पाइपचा गंज, पाणी थोडं वाहू दिलं की जातो.

पुरवठा ठरावीक वेळेचा असतो, तेव्हा मधल्या काळात लाइन रिकामी होते आणि गळक्या जोडातून बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जातं. लाइनला थेट टिल्लू पंप लावल्याने हे ओढणं आणखी वाढतं, तेव्हा तो लावू नका. पाणी आल्यावर पहिली एक-दोन मिनिटं बादलीत घ्या आणि ते फरशी पुसायला वापरा.

गाळ असेल तर २० लिटरला अर्धा ते एक ग्रॅम तुरटी विरघळवा. आधी मिनिटभर जोरात ढवळा, मग पाच मिनिटं हळूहळू, आणि दोन तास हलवू नका. वरचं नितळ पाणी अलगद काढून घ्या. तुरटी गाळ खाली बसवते, पण पाणी निर्जंतुक करत नाही. म्हणून नंतर ते खळखळून उकळा.

प्रश्न : इन्व्हर्टरच्या बॅटरीत नळाचं पाणी चालेल?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : नाही. डिस्टिल्ड वॉटरच घाला. क्लोराइड आणि लोह प्लेट खराब करतात. आरओचं पाणीही नको, त्यात क्षार उरतातच.

प्रश्न : १००० लिटरची टाकी घरच्या घरी निर्जंतुक कशी करायची?
– एक वाचक, सिडको

उत्तर : टाकी रिकामी करून भिंती ब्रशने घासा, गाळ तळाच्या ड्रेनमधून बाहेर काढा. मग टाकी पुन्हा भरा. ताजी टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर (३३ टक्के क्लोरीनची) १५० ग्रॅम घेऊन बादलीभर पाण्यात कालवा. चुना तळाशी बसू द्या आणि वरचं पाणीच टाकीत ओता. पावडर जुनी किंवा ओलसर असेल तर तिची ताकद उतरलेली असते. घरातला प्रत्येक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत चालू ठेवून बंद करा, रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी सगळं पाणी सोडून द्या, वास जाईपर्यंत टाकी धुवा. या कामात संडास साफ करायचं ॲसिड जवळही आणू नका. दोन्ही मिसळले तर क्लोरीन वायू तयार होतो, आणि टाकीत उतरलेल्या माणसाला तो जीवघेणा ठरू शकतो.