शाळेच्या ग्रुपवरच्या सूचनांमागे किती धावायचं, आणि व्यवस्थापन समितीत जावं का?

प्रश्न: माझा मुलगा नागपुरात एका अनुदानित मराठी शाळेत दुसरीत आहे. शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज काही ना काही येतं: स्पर्धा, सहल, पालक सभा, स्नेहसंमेलन. सगळ्यात भाग घ्यायलाच हवा का? शिवाय शाळा व्यवस्थापन समितीसाठी माझं नाव सुचवलंय. वेळ कमी आहे. जावं का?

समितीत जा. नाव आलंय तर मागे घेऊ नका. बाकीचं सांगतो, पण थोडं लांबेल, कारण 'ग्रुपवर टाकलं होतं' हे तीन शब्द कुठेही दिसले की माझं डोकं अजून तापतं.

मी नागपूरजवळ बुटीबोरीला सूतगिरणीत वाइंडिंग खात्यात आहे, म्हणजे सूत कोनावर गुंडाळतात तिथे. पाळ्या फिरत्या. घरात मोठा फोन एकच आणि तो माझ्याजवळ. बायकोकडे बटनांचा. पोरगी तेव्हा तिसरीत होती, तुमच्यासारख्याच अनुदानित शाळेत. ग्रुपमध्ये माझा नंबर.

त्या आठवड्यात माझी रात्रपाळी होती. आमच्याकडे फोन गेटवरच लॉकरमध्ये ठेवावा लागतो, खात्यात नेता येत नाही. दहाला पाळी लागली आणि शाळेच्या ग्रुपवर सूचना आली दहा वाजून बारा मिनिटांनी. उद्या तिसरीची सहल, रमण विज्ञान केंद्र, बस सकाळी नऊला सुटेल. ऐंशी रुपये, डबा, पाण्याची बाटली, आणि पालकाची सही केलेल्या संमतीपत्राचा फोटो ग्रुपवर टाकायचा.

सकाळी सव्वाआठला मी घरी आलो. फोन चार्जिंगला लावला, चहापोळी खाल्ली आणि झोपलो. तेव्हा पाहिलं असतं तर पाऊण तास हातात होता. शाळा घरापासून दहा मिनिटांवर. हा हिशेब मी नंतर किती वेळा केला असेल ते मलाच माहीत.

पोरगी रोजच्यासारखी साडेदहाला दप्तर घेऊन निघाली. फाटकावर शिपायानं सांगितलं, "तिसरीवाले तर गेले न." तिला दुसरीच्या वर्गात बसवलं. तिच्यासारखी अजून चार जणं होती. दुसरीच्या बाईंनी पाचही जणांना पाढे लिहायला दिले.

मला चारला जाग आली. ग्रुपवर नव्वदच्या वर मेसेज. शुभ सकाळची फुलं, कोणाच्या तरी मुलाचा वाढदिवस, त्याला पन्नास जणांचे केक, आणि मधोमध ती सूचना. तसाच चप्पल घालून शाळेत गेलो. मी पोचलो तेव्हाच बस परत येऊन लागली होती. पोरं उतरत होती, डायनासोरचा जबडा किती मोठा ते हातांनी दाखवत होती, तारांगणात अंधार झाल्यावर कोण घाबरलं त्यावरून एकमेकांना चिडवत होती. माझी पोरगी फाटकाच्या आतल्या पायरीवर दप्तर मांडीवर घेऊन बसलेली. रडत नव्हती. मला पाहून म्हणाली, "बाबा, तुम्हाले चिठ्ठी नाही भेटली काय? मी बाईले सांगतलं, माह्या बाबा ड्युटीवर आहे म्हणून."

पुढच्या रविवारी मी तिला रमण केंद्रात घेऊन गेलो. समोरच्या गांधीसागर तलावापाशी गाडी लावली, दिवसभर फिरवलं, तारांगणाचा खेळ दाखवला. ती खूष होती. परत येताना मात्र तिनं विचारलं, "आता बाई 'आमची सहल' निबंध लिहाले सांगतीन. त्यात हे लिहिलं तर चालते काय?" मला उत्तर देता आलं नाही.

त्याच महिन्यात पालक सभा होती. मी रजा टाकून गेलो. उभा राहिलो आणि विचारलं की रात्री दहा वाजता सकाळी नऊच्या सहलीची सूचना देणं बरोबर आहे का. मुख्याध्यापिका मॅडम म्हणाल्या, ग्रुपवर टाकलं होतं. आणि समितीत शिक्षणतज्ज्ञ म्हणून घेतलेले एक काका, चांगले शिकलेले, निवृत्त, सगळ्यांसमोर म्हणाले, "ज्याला लेकराची काळजी असते तो मोबाइल पाहतोच."

सभेत चाळीस-पन्नास पालक होते. कोणी काही बोललं नाही. मीही बसलो खाली.

त्या वाक्याचं उत्तर मी तेव्हा दिलं नाही, ते आता देतो. पुढचे दोन आठवडे माझी दुसरी पाळी होती, सकाळ मोकळी. मी शाळा भरायच्या वेळी फाटकावर उभा राहून तिसरीच्या एकेका पालकाला, आजीला, मोठ्या बहिणीला विचारलं की घरात मोठा फोन कोणाकडे असतो आणि दिवसा कुठे असतो. वर्गात ३८ पोरं. १३ घरांत एकच फोन, आणि तो घरातला कमावता माणूस कामावर घेऊन जातो. दोन घरांत रिचार्ज संपला की महिना-महिना बंद. तीन पोरं आजीकडे राहतात, आईवडील बाहेरगावी विटाभट्टीवर. सहलीच्या दिवशी मागे राहिलेली पाचही पोरं ह्या घरांतली. एकीची आई सकाळी सहाला निघून पाच घरची धुणीभांडी करते आणि तरी पोरीच्या वेणीला रोज लाल रिबन असते. तिला काळजी नाही असं काकांनी तिच्या तोंडावर म्हणून दाखवावं.

तो कागद घेऊन मी मॅडमकडे गेलो. त्यांनी नीट वाचला, हे मला सांगितलंच पाहिजे. त्या म्हणाल्या, तुम्ही समितीतच या. पुढच्या निवडीच्या पालक सभेत माझं नाव आलं आणि मी निवडून आलो. म्हणून तुम्हाला सांगतोय, जा. तुमच्याकडे वेळ कमी आहे हे तर फारच चांगलं. ज्यांच्याकडे वेळच वेळ आहे अशांनी भरलेल्या समितीला पाळीवरच्या माणसाची अडचण समजत नाही.

आणि हा कोणाचा उपकार नाही. २००९ चा शिक्षण हक्क कायदा, १ एप्रिल २०१० पासून लागू, त्याचं कलम २१. समितीत कमीत कमी ७५ टक्के सदस्य पालक असले पाहिजेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. आपल्या राज्यात अध्यक्ष पालकांमधलाच असतो, मुख्याध्यापक सदस्य सचिव असतात, आणि महिन्यातून एक तरी बैठक घ्यायची असते. अनुदान कुठे खर्च झालं ते पाहणं, शाळेचा विकास आराखडा बनवणं, हे सरकारी शाळेतल्या समितीचं काम म्हणून कायद्यात लिहिलंय; अनुदानित शाळेतल्या समितीचं काम २०१२ च्या दुरुस्तीपासून सल्ला देण्यापुरतं आहे. पोषण आहाराची खिचडी तुम्ही स्वतः चाखून पाहू शकता, पहिली ते पाचवीच्या पोराला त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत असं ठरलेलं आहे. यातलं काहीच न करता नुसत्या सह्या करणारे सदस्यही असतात. तुम्ही तसे होऊ नका.

मी समितीत पहिल्याच बैठकीत एक गोष्ट मागितली. फाटकाशेजारच्या भिंतीवर काळा रंग मारून फलक करायचा, आणि येत्या आठवड्यात शाळेत काय आहे ते शनिवारी त्यावर लिहायचं. वार, तारीख, काय आणायचं, काय घालायचं, पैसे लागतील तर किती. आणि एक नियम: ज्याला पैसे किंवा सामान लागतं त्याची सूचना चार दिवस आधी, नाहीतर तो कार्यक्रम पुढे ढकलायचा. काका म्हणाले, आजच्या काळात भिंतीवर कोण वाचतो. मी रंग माझ्या पैशानं आणला. चौथीची पोरं शनिवारी सुटीआधी लिहितात, त्यांचं शुद्धलेखन बाई तपासतात. आणि वाचतं कोण ते सांगतो. फाटकासमोर बोरं-चिंचा विकणारी मावशी पोरांकडून ते दोनदा वाचून घेते आणि दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्या आज्यांना तोंडपाठ सांगते.

फलकाचा उपयोग सगळ्यात आधी जूनमध्ये कळला. टीव्हीवर जूनच्या मधेच 'राज्यातल्या शाळा आजपासून सुरू' चालू होतं, आणि विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी उघडते. दर वर्षी दोन-चार आज्या नातवाला तेल लावून, नवा गणवेश घालून ४३ डिग्रीत बंद फाटकापर्यंत आणायच्या. त्या वर्षी उन्हाळ्याच्या सुटीआधीच आम्ही तारीख मोठ्या अक्षरात लिहून ठेवली. कोणी आलं नाही. मार्चमध्ये सकाळची शाळा होते तेव्हाही हाच घोळ व्हायचा, तोही गेला.

पण मला विचाराल तर खरी गोष्ट तान्ह्या पोळ्याची, म्हणजे पोरांच्या पोळ्याची, ज्यात खऱ्या बैलाऐवजी खेळण्यातला नंदी सजवतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इकडे सुटीच असते, म्हणून शाळा आपला तान्हा पोळा आधी करून घेते. पूर्वी ग्रुपवर आदल्या दिवशी यायचं, 'उद्या सजवलेला नंदी आणा'. एका संध्याकाळीत कोण काय करणार? ज्याला जमेल तो महाल भागातल्या बाजारातून विकत आणायचा, ज्याला नाही जमलं त्याचं पोर घरी राहायचं. बक्षीस नेहमी सगळ्यात महागाच्या नंदीला. त्या वर्षी फलकावर आठ दिवस आधी लिहिलं: नंदी घरी बनवायचा, विकतचा आणू नये, माती, पुठ्ठा, लाकूड काहीही चालेल. मी मॅनेजरला विचारून गिरणीतले सुताचे रिकामे, चेपलेले पुठ्ठ्याचे कोन पिशवीभर आणले. माझ्या पोरीनं चार कोनांचे पाय केले, डबीची झाकणं चाकं म्हणून लावली, झुलीला आईच्या जुन्या लुगड्याचा काठ. ती म्हणत होती, नागपूरच्या भोसल्यांच्या वाड्यातून मोठा नंदी निघते तसाच करीन. एका पोराच्या आजीनं शेणमातीचा नंदी करून दिला, शिंगांना खरा बेगड. तिनंच मैदानात उभं राहून झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हटल्या, आणि नव्वद पोरं तिच्यामागे ओरडत होती. सहलीत मागे राहिलेल्या पाचांपैकी पाचही जण त्या दिवशी हजर होते. बोजारा, म्हणजे पोळ्याची भेट, म्हणून प्रत्येकाला एक-एक पेन्सिल आणि गूळ-फुटाणे. बक्षीस कोणालाच ठेवलं नव्हतं.

आता तुमचा मूळ प्रश्न, सगळ्यात भाग घ्यायचा का. नाही. ज्या स्पर्धेत पोराच्या नावावर आईबाप रात्री जागून प्रोजेक्ट करतात तिथे भाग घेऊच नका, त्यातून पोराच्या हाती काही लागत नाही. स्नेहसंमेलनाला पोराला नाचू द्या, पण भाड्याच्या ड्रेसचे पाचशे रुपये मागत असतील तर बैठकीत उभं राहून बोला, तुमच्यामागे दहा जण गप्प बसलेले असतात. सहलीला पाठवाच. पालक सभेला जा, रजा टाकून जा. बाकी तुमचं तुम्ही ठरवा.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. एक तर ग्रुप वाईट नाही. अचानक पावसानं शाळा सोडली तर ग्रुपच कामी येतो. माझं म्हणणं एवढंच की ग्रुपवर टाकलं म्हणजे सगळ्यांना कळवलं असं शाळेनं धरू नये. दुसरं, मॅडमची बाजूही होती. सहलीची बस पुढच्या आठवड्यात ठरली होती, बसवाल्यानं ऐनवेळी तारीख बदलली, आणि त्यांनी घरून, स्वयंपाक आटपून तो मेसेज टाकला होता. हे मला सहा महिन्यांनी कळलं. आमच्या सभेतल्या भांडणात मी त्यांना विचारलंच नव्हतं. तरीही सहल दोन दिवसांनी पुढे नेता आली असती, असं माझं आजही मत आहे. तिसरं, मी सांगतोय ते अनुदानित आणि सरकारी, महापालिकेच्या शाळांचं. विनाअनुदानित खासगी शाळेला ही समिती लागू नाही, तिथे पालक-शिक्षक संघ असतो आणि त्याची कार्यकारी समिती चिठ्ठ्या टाकून निवडतात. तुमची अनुदानित आहे म्हणता, म्हणजे तुम्हाला ही समिती लागू, फक्त तिचं काम सल्ल्याचं.

काका अजून समितीत आहेत. अजून म्हणतात की काळजी असणारा पाहतोच. मागच्या बैठकीत मी त्यांना शनिवारी फाटकावर यायला सांगितलं, पोरं लिहीत असताना. आले नाहीत. ह्या शनिवारी पुन्हा सांगणार आहे, कारण ३ जानेवारीचं लिहायचंय: सावित्रीबाईंच्या जयंतीला प्रत्येक पोरीनं आपल्या आईला किंवा आजीला सोबत आणायचं, त्यांना पाटीवर आपलं नाव लिहायला पोरी शिकवणार आहेत. पाट्या शाळेच्या, सामान काही लागत नाही, वेळ दुपारी एक ते दोन, म्हणजे कामावरच्या बायकांनाही येता येईल.

तुमच्या समितीची मुदत दोन वर्षांची असते. निवडीची पालक सभा कधी आहे ते उद्याच मुख्याध्यापकांना विचारा, आणि ती तारीख फाटकावर लिहायला सांगा.