विकिपीडियावर दिसणारं कोलंबस (इंडियाना) आणि प्रत्यक्षातलं कोलंबस यांत किती फरक आहे?

तुम्ही लिहिलंय की मिस्टरांना पुण्याहून कमिन्स या इंजिनं बनवणाऱ्या कंपनीच्या मुख्य ऑफिसात पाठवतायत, म्हणून तुम्ही गावाचं पान उघडलंत, आणि त्यात नुसत्या इमारती, आर्किटेक्ट आणि माइक पेन्स. इथे माणसं राहतात की नाही तेच कळेना. वाचून हसू आलं, आणि आमच्या घरातलं एक जुनं भांडणही आठवलं. त्यामुळे उत्तर लांबणार.

पानावर खोटं असं काही नाही. इंडियानापोलिसच्या दक्षिणेला साधारण 40 मैलांवर, 2020 च्या जनगणनेत 50,474 वस्ती, आणि एवढ्याशा गावात एलिएल सारिनेन, त्याचा मुलगा ईरो सारिनेन, आय. एम. पेई, रॉबर्ट व्हेंच्युरी या लोकांनी बांधलेली चर्च, बँक, लायब्ररी, अग्निशमन केंद्र. आर्किटेक्टांच्या राष्ट्रीय संस्थेने शिकागो, न्यूयॉर्कच्या रांगेत सहावा नंबर दिला होता, तेही खरं. माजी उपराष्ट्राध्यक्ष पेन्स इथेच जन्मले. टोनी स्टुअर्ट हा रेसिंगवालाही इथलाच. चक टेलर, ज्याच्या नावाचे कॅनव्हासचे बूट तुमच्या मुलांनी घातले असतील, तो इथल्या हायस्कुलात बास्केटबॉल खेळला. बहुतेक नावं वाचून एकच कळतं, की मोठं व्हायला हे गाव सोडावं लागतं. ही त्या पानाची पहिली खोडी.

आता भांडण. माझ्या नवऱ्याला ऑफर आली तेव्हा माझे धाकटे दीर न्यू जर्सीत, एडिसनला, स्थिरस्थावर झालेले. घरातले अमेरिकातज्ज्ञ. त्यांनी हेच पान उघडलं आणि फोन स्पीकरवर टाकून पुण्यात सासूबाईंना वाचून दाखवलं. तेव्हा पानावर 2000 च्या जनगणनेचे आकडे होते, 39,059. "आई, एकोणचाळीस हजार! आपल्या कोथरूडात एका कोपऱ्यात तेवढी माणसं असतील." मग त्यांनी घरटी उत्पन्न, वंशवार टक्केवारी, चौरस मैलाला किती डोकी, हे सगळं बातम्या दिल्यासारखं वाचलं. शेवटी निकाल: "दादाला खेड्यात टाकतायत. वहिनी, तुमचं कसं होणार? मक्याची शेतं बघत बसाल."

त्यांनी जे वाचलं ते कुणा माणसाने बसून लिहिलेलंच नव्हतं, हे मला पुढे कळलं. 2002 साली रॅम्बॉट नावाच्या एका प्रोग्रॅमने अमेरिकेच्या जनगणनेचे तक्ते उचलून तीस हजारांवर गावांचे लेख काही दिवसांत विकिपीडियावर पाडले. म्हणून मिडवेस्टमधलं कुठलंही गाव उघडा, लोकसंख्येचा परिच्छेद तोच, फक्त आकडे वेगळे. दीर ज्याला गावाची कुंडली समजून वाचत होते, तो भरलेला फॉर्म होता. पण सासूबाईंच्या मनात बसायचं ते बसलं. त्यात त्यांच्या ओळखीत कुणीतरी कोलंबस म्हटल्यावर ओहायोतलं मोठं कोलंबस समजलं आणि "राजधानी आहे हो ती" असं सांगितलं. झालं, आम्ही काहीतरी लपवतोय अशी समजूत आणखी पक्की. (तुमच्याकडेही हे होणार. पत्ता देताना इंडियाना हा शब्द ठळक अक्षरात लिहा.)

मी कर्वेनगरच्या कमिन्स कॉलेजातून इंजिनियर झाले. म्हणजे कमिन्सच्या पैशाने उभ्या राहिलेल्या मुलींच्या कॉलेजात शिकायचं, आणि कमिन्सच्या मूळ गावी एच-4 व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीमुळे बायकोला मिळणाऱ्या व्हिसावर, घरी बसायचं. तेव्हा एच-4 वर कामाची परवानगी नव्हतीच. ती सुरू झाली 2015 मध्ये, तीसुद्धा सगळ्यांना नाही. घरात बसून वेड लागायची पाळी आली तेव्हा लायब्ररीत गेले. पेईने बांधलेली, 1969 ची, लाल विटांची, तीच जी पानावर फोटोत आहे. पुस्तकं परत येतात ती गाडीवर लावून जागच्या जागी ठेवायची, एवढं बिनपगारी काम मला मिळालं. लायब्ररीतल्या बाई पहिल्यांदा माझं नाव नीट म्हणायला शिकल्या, मग काम सांगितलं. माझ्याच सोसायटीत राहणारी, जिच्याशी लिफ्टमध्येही बोलणं व्हायचं नाही अशी तमिळ मुलगी मला तिथे लहान मुलांच्या पुस्तकांच्या रॅकपाशी भेटली. पुढे गणपतीला मोदकांची उकड काढायला तीच माझ्याकडे होती.

लायब्ररीसमोरच्या चौकात हेन्री मूरचं ब्राँझचं शिल्प आहे, मोठी कमान. उंच, हिरवट, हाडाच्या सांध्यासारखी. तिच्या पायाशी दुपारी मुलं चिप्स खात बसतात, घासून घासून एका ठिकाणी ब्राँझ पिवळं पडलंय. रस्त्यापलीकडे एलिएल सारिनेनचं 1942 चं चर्च, त्याचा चौकोनी उंच मनोरा. कमानीतून तो मनोरा बरोबर दिसतो. जो येतो तो इथूनच फोटो काढतो.

काही वर्षांनी आमचे दीरही आले. सहकुटुंब, गाडीने शिकागोला जाताना वाकडी वाट करून. तोवर त्यांच्या ऑफिसात कुणी आर्किटेक्चरवेडा भेटला होता आणि त्याने कोलंबसचं नाव काढलं होतं. दीरांनी परत तेच पान वाचलं असणार, पण या वेळी वरचा भाग. गाडीतून उतरतानाच मला ऐकवायला लागले, मियेसियन (मीस व्हॅन डर रोहे या आर्किटेक्टच्या धाटणीचं) म्हणजे काय, ईरो सारिनेनचं नॉर्थ ख्रिश्चन चर्च 1964 चं, त्याचा कळस 192 फूट. मी कमानीपाशी उभी होते, लायब्ररीतून नुकतीच सुटले होते, गळ्यात ओळखपत्र, शेजारी ती तमिळ मैत्रीण आणि तिची मुलगी. त्यांनी कॅमेरा लावला आणि म्हणाले, "वहिनी, जरा बाजूला होता का? फ्रेममध्ये येताय."

झालो बाजूला. तो फोटो त्यांनी फेसबुकवर टाकला, "आमच्या दादाचं गाव, आर्किटेक्चरची पंढरी" म्हणून. खेड्याची पंढरी झाली, आणि मधल्या काळात गावात काय बदललं म्हणाल तर काही नाही.

तुमच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर हेच. ते पान फ्रेम मोकळी करून काढलेला फोटो आहे.

पण मूळ गोष्ट बघा. जे. आर्विन मिलर कमिन्सचे प्रमुख होते. महायुद्धानंतर मुलं वाढली, शाळा बांधायची घाई झाली, आणि चांगले इंजिनियर अशा आडगावी यायला तयार होईनात. मग कमिन्स फाउंडेशनने ठरवलं की सार्वजनिक इमारतीच्या आर्किटेक्टची फी आम्ही भरू, अट एवढीच की आम्ही देतो त्या यादीतून निवडा. बांधकामाचा खर्च गावाचा, निवडही गावाची. पहिली शाळा हॅरी वीसने केली, 1957 ची. म्हणजे हे सगळं कुणासाठी होतं? बाहेरून येणाऱ्या इंजिनियरांच्या बायकामुलांना इथे राहावंसं वाटावं म्हणून! पुण्यात किर्लोस्कर कमिन्स 1962 मध्ये निघाली, आणि पुढे त्या दोरीला धरून किती मराठी घरं या गावात आली. ज्यांना ओढून आणायला इमारती उभ्या केल्या ती माणसं आली, राहिली, घरं घेतली. पानावर मात्र आमची सोय एका टक्केवारीत लावलेली, 'एशियन' नावाच्या ओळीत. त्याच ओळीत जपानी, चिनी, तमिळ आणि मी.

हे कुणी मुद्दाम करत नाही, तेही सांगते, नाहीतर दीर म्हणतील वहिनींना सगळीकडे कट दिसतो. विकिपीडियावर नियमच आहे की कुठेतरी छापून आलेलं असेल तेवढंच लिहायचं. मी डोळ्यांनी पाहिलं, याला किंमत नाही. नियम बरोबर आहे, नाहीतर जो तो आपल्या मामाचं चरित्र घालेल. पण पेईवर पुस्तकं निघतात, बेसमेंटमधल्या गणपतीवर कोण पुस्तक काढणार? गावाच्या 'द रिपब्लिक' या पेपराची 1971 ची काचेची इमारत बघा. रस्त्यावरून जाणाऱ्याला छपाईयंत्र चालताना दिसावं म्हणून ती काच. इमारत राष्ट्रीय स्मारक झाली, पेपर तिथून हलला, पुढे तिथे इंडियाना विद्यापीठाचे आर्किटेक्चरचे वर्ग भरू लागले. आतल्या पेपरात रोज छापलेल्या गावापेक्षा बाहेरच्या काचेला जास्त ओळी मिळतात.

आणि दिरांचं ते 192 फुटी कळसवालं चर्च. सगळ्यांत जास्त फोटो त्याचेच. तिथली मंडळी कमी कमी होत गेली आणि 2022 मध्ये प्रार्थना थांबली. वास्तू आता गावच्या लायब्ररीकडे आहे. म्हणजे पान बघून तुम्ही 'किती धार्मिक गाव' म्हणाल, आणि तिथे जाल तेव्हा गाव त्या रिकाम्या वास्तूचं काय करायचं ते ठरवत असेल.

2008 च्या जूनमधल्या पुराबद्दल मात्र कुणाला तरी नीट विचारा. हॉ क्रीक म्हणजे एरवी उडी मारून ओलांडावा असा ओढा. त्याने 7 जूनला हॉस्पिटलचं तळघर भरलं, वीज, लॅब, औषधं सगळं तिथेच, आणि रुग्णांना दुसऱ्या गावांना हलवावं लागलं. कित्येक महिने हॉस्पिटल बंद. घर बघाल तेव्हा एजंटला पहिला प्रश्न ओढ्याचा विचारा, किचन नंतर बघा. ड्रिफ्टवुड आणि फ्लॅटरॉक या दोन नद्या गावाच्या कडेला एकत्र येतात, फिरायला छान, पण पुराच्या नकाशात आपलं घर कुठे येतं ते पाहिल्याशिवाय सही करू नका.

बाकी तुम्ही विचारलेलं झटपट. गाडी लागेलच, दोन असल्या तर घरात शांतता राहते. 'कोलंबस' नावाची गावची बस आहे (बस या अक्षरांवर त्यांनी कोटी केलीय, गोऱ्या लोकांनाही पीजे आवडतात), पण तिच्यावर भरवसा ठेवून नोकरी होत नाही. भाजी, डाळी, पिठं गावात मिळतात, मोठा बाजार करायला लोक इंडियानापोलिसला जातात. झहराकोज म्हणून 1900 पासूनचं आइस्क्रीमचं दुकान आहे, सासूबाई आल्या की तिथे न्या. माझ्या सासूबाईंना गाव तिथे पटलं. इमारतींनी त्यांच्यावर काडीचा परिणाम केला नाही.

आता हातचं राखून ठेवलेलं. मी कोलंबस सोडून आता इंडियानापोलिसच्या जवळ राहते, तेव्हा आजची भाडी, शाळांची हवा, कंपनीत कुणाची बदली टिकते, हे मला विचारू नका. तिथे सध्या असलेल्यांना विचारा. गाव राजकारणाने बऱ्यापैकी उजवीकडचं आहे, सगळेच शेजारी दार उघडत नाहीत, हिवाळा लांबतो आणि एकटीला खायला उठतो. मिस्टर कामावर गेल्यावर तुमचं काय, हा प्रश्न कंपनीचं एचआर विचारणार नाही, म्हणून निघायच्या आधी तुम्हीच विचारा, व्हिसा कुठला, कामाची परवानगी कधी. मी विचारलं असतं तर दिरांशी वाद घालण्यात गेलेला वेळ फॉर्म भरण्यात गेला असता.

आणि ते पान वाचाच, पण तक्त्यापासून सुरू करू नका. वरून वाचा, मिलरपर्यंत या आणि थांबा. घरात कुणी फोनवर वाचून दाखवायला लागलं तर त्यांना विचारा, तिथे लायब्ररी किती वाजता उघडते. आमच्या दिरांना अजून सांगता आलेलं नाही.